सत्यम कुणाला पाहून थांबतो

तेजोनाथ महाराजांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला ती पत्र्याची शेड, आणि आत लोक आपापली यंत्रं मांडीवर घेऊन बसलेले. कुणाच्या मांडीवर मिक्सर, कुणाच्या टीव्ही, एका म्हाताऱ्यानं तर विहिरीवरची मोटार पोत्यात घालून आणलेली. गुरुवार हा प्रवाहदर्शनाचा दिवस. गेलेल्या माणसाचा आत्मा घरातल्या यंत्रात अडकतो आणि महाराज त्याला बोलतं करतात, अशी ख्याती गंगापूरपासून फर्दापूरपर्यंत पसरली होती. ख्यातीला काही पेट्रोल लागत नाही.

दमयंतीबाई पाठक तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सारा जन्म त्यांनी ज्युनिअर कॉलेजात पोरांना वीज शिकवण्यात घालवला होता, आणि आता निवृत्तीनंतर समोर भगव्या रेशमात बसलेला एक गृहस्थ त्यांच्या विषयाचं वाटोळं करत होता. त्या इथं आल्या होत्या त्या फक्त शेजारच्या प्रेरणासाठी, जिचा नवरा सत्यम नुकताच गेला होता. प्रेरणाचा हात त्यांच्या हातात होता आणि तो गार पडला होता.

"आत्मा म्हणजे काय? करंट," महाराज माइकवरून सांगत होते. "करंट कधी मरतो का? नाही. करंट फक्त वायर बदलतो. डॉक्टर म्हणतो माणूस गेला. मी म्हणतो, लोड दुसरीकडं गेला."

लोकांनी माना डोलावल्या. दमयंतीबाईंच्या वर्गात असं उत्तर कुणी लिहिलं असतं तर त्यांनी पेपरवर नुसती लाल रेघ मारली नसती, बापाला बोलावून घेतलं असतं. पण इथं सगळे बापच खाली बसले होते.

मग सत्यमच्या आईला पुढं बोलावणं आलं. सरूबाई उठल्या. त्यांच्या मुलाचा, सत्यमचा, लॅपटॉप आदल्या दिवसापासून महाराजांकडेच होता. यंत्र एक रात्र मठात मुक्कामाला ठेवायचं, असा तिथला नेम. महाराजांचा शिष्य सुदर्शन तो लॅपटॉप नव्या खणात गुंडाळून घेऊन आला आणि त्यानं तो चौरंगावर उघडला.

महाराजांनी वर अंगारा टाकला, झाकणावर हात ठेवला आणि सत्यमचा व्हिडिओ सुरू झाला. श्रेयाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, वाढदिवसाचा. सत्यम टोपी घालून गात होता, मध्येच हसत होता, केकवरची मेणबत्ती स्वतःच विझवून पोरीला चिडवत होता. आवाज स्वच्छ, चित्र पाण्यासारखं वाहतं. घरी हाच लॅपटॉप कित्येक आठवडे मुंगीच्या पावलानं चालत होता, हे सरूबाईंना माहीत होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आता सुनेला पुढं येऊ दे," महाराज म्हणाले. सुदर्शनला त्यांनी खूण केली. "आणि घरची दोरी जोड. त्याला घरचा प्रवाह मिळू दे."

प्रेरणा पुढं गेली. सुदर्शननं घरून आणलेला चार्जर बोर्डात खुपसून दुसरं टोक लॅपटॉपला लावलं. प्रेरणानं हात झाकणावर ठेवला. क्षण दोन क्षण काही झालं नाही. मग सत्यमचं हसू अडकलं. ओठ अर्धे उघडे राहिले, आवाज तुटायला लागला, एक शब्द, मग घरघर, मग पुन्हा तोच शब्द, आणि शेवटी तो पडद्यावर तसाच गोठून बायकोकडे बघत राहिला.

मागून एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. सरूबाईंनी सुनेकडं ज्या नजरेनं पाहिलं ती दमयंतीबाईंना पुढं बरेच दिवस विसरता आलं नाही.

महाराजांनी निकाल दिला. हा मुलगा हिला पाहून थांबतो. ही त्याच्या यंत्रावर काम करते, त्याच्या जागेवर बसते, ते त्याला सोसवत नाही. येत्या अमावास्येला लॅपटॉप कायगाव टोक्याला गोदावरीत सोडायचा. त्याआधी सुनेनं घर सोडून माहेरी जायचं. मुलगी मात्र तिच्याबरोबर जाता कामा नये, कारण बापाचा जीव मुलीत आहे आणि मुलगी गेली तर तो घरादाराला धरेल.

आप्पासाहेबांनी, सत्यमच्या वडलांनी, खाली मान घालून होकार दिला. गंगापूरला उसाची बागायत सांभाळणारा आणि सिडकोत घर बांधणारा तो करारी माणूस. वाळूजच्या रस्त्यावर ट्रकनं पोराला उडवल्यापासून मात्र कुणीही काहीही सांगितलं तरी तो मान हलवायचा.

घरी परतताना जीपमध्ये प्रेरणा खिडकीबाहेर बघत होती. ती नवऱ्यासारखीच मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायची. तो गेल्यावर त्याच्याच कारखान्यानं तिला घरून काम दिलं होतं, त्यावर श्रेयाची शाळा चालली होती. आता काम जाणार होतंच. पण ते तिच्या मनात नव्हतं. श्रेया चौथीत होती आणि अजून आईच्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नव्हती, एवढंच तिच्या मनात होतं.

दमयंतीबाईंचा रात्री डोळा लागला नाही आणि सकाळी त्या स्वतःवरच चरफडत उठल्या. शेडमध्ये त्याही इतरांसारख्या प्रेरणाच्या हाताकडंच बघत राहिल्या होत्या. अकरावीच्या पोरांना पहिल्याच तासाला त्या एक गोष्ट घोकून घ्यायच्या: दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि परिणाम बदलला, तर दोष कुठलीचा ते सांगता येत नाही. काल दोन गोष्टी बदलल्या होत्या. बाईचा हात आला होता आणि वायर आली होती. अख्ख्या शेडीनं हात पाहिला. वायर कुणीच पाहिली नाही, अगदी फिजिक्सच्या बाईंनीसुद्धा नाही.

दुपारी सरूबाई जरा आडव्या झाल्यावर दमयंतीबाईंनी प्रेरणाला लॅपटॉप आणि चार्जर घेऊन आपल्याकडे बोलावलं. प्रेरणा आली ती चोरासारखी, पदराखाली लॅपटॉप लपवून.

"हे कधीपासून होतंय?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"तेराव्यानंतर, बाई. ते असताना कधीच नाही." आणि मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "म्हणून मलाच वाटायला लागलं, की खरं असंल."

दमयंतीबाईंना संताप आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला. वायर न लावता व्हिडिओ चालू केला. सत्यम गायला लागला. त्यांनी प्रेरणाला हात ठेवायला सांगितलं. तिनं डोळे मिटून ठेवला. सत्यम गातच राहिला. दोन्ही हात ठेवायला लावले, तिची बांगडी टेकवली, तिला बटणं दाबायला लावली. केक कापून झाला, श्रेया टाळ्या पिटत होती, कुठं काही अडलं नाही.

"आता हात काढ. लांब जाऊन उभी राहा."

प्रेरणा दाराशी गेली. दमयंतीबाईंनी चार्जर लावला. थोड्याच वेळात सत्यमचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि आवाज घरघरला. त्यांनी वायर काढली. तो पुन्हा हसायला लागला.

प्रेरणा परत टेबलाशी आली. तिनं स्वतः वायर लावली, तो थांबला. काढली, तो चालला. पुन्हा लावली. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. बाईंना वाटलं ही आता रडेल, पण ती रडली नाही. तिचा चेहरा कठीण होत गेला.

मग दोघींनी चार्जर उलटा करून चष्म्यातून वाचला, आणि लॅपटॉपच्या पोटाखालचा कागदही वाचला. यंत्राला जेवढी ताकद लागते त्याच्या जेमतेम निम्मी देणारा तो चार्जर होता. खोका दिसायला तसाच, पिन तशीच बसणारी, पण कंपनीचा नव्हे. दमयंतीबाईंनी प्रेरणाला सोप्या भाषेत समजावलं. असले लॅपटॉप चार्जर लावला की आधी तो कोण, किती वीज देऊ शकतो ते विचारतात. ओळख पटली नाही किंवा ताकद कमी निघाली, की यंत्र स्वतःचा वेग पार खाली आणतं, म्हणजे चार्जर तापून जळू नये. वायर काढली की ते आपल्या बॅटरीवर मोकळं धावतं. बंद करून ठेवलं की तोच अशक्त चार्जर रात्रभरात बॅटरी हळूहळू भरतो. सत्यमची बॅटरी जुनी, फार टिकायची नाही, म्हणून प्रेरणा कायम वायर लावूनच काम करायची. म्हणून तिच्या हाताखाली लॅपटॉप कायमच मेल्यासारखा चालायचा.

"चालू करताना हे यंत्र काही सांगत नाही का?" बाईंनी विचारलं. "सांगायला पाहिजे."

"यायचं काहीतरी इंग्रजीत. काळ्या पडद्यावर. कृष्णाभाऊजींनी बटण दाबून बंद केलं. पुन्हा दाखवू नको म्हणून."

"आणि सत्यमचा जुना चार्जर?"

"त्यांच्या बॅगेत असायचा कायम." प्रेरणा बोलता बोलता थांबली. बॅग कुठं गेली, ते तिला आठवलं होतं.

आता मठातल्या मुक्कामाचा अर्थही लागला. दारात बसणारा सुदर्शन प्रत्येकाला विचारायचा, यंत्र घरात कोण वापरतं, त्रास कधी होतो, वायर लावल्यावर की नसताना, आणि घरची दोरी बरोबर आणलीय ना. रात्रभर यंत्र जवळ ठेवलं की करून बघता येतं. जे यंत्र अशी करामत दाखवू शकत नाही ते पुढच्या गुरुवारी आणा म्हणून परत जातं. सुदर्शन शिष्य होण्याआधी इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, हे बाईंना पुढं एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. विद्या चांगली होती, लावली मात्र भलतीकडं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दमयंतीबाई आप्पासाहेबांच्या घरी गेल्या. ओसरीवर प्रेरणाची सुटकेस भरून ठेवलेली होती. श्रेया तिच्यावर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. तिचा काका कृष्णा तिला चॉकलेट दाखवत होता आणि ती तोंड फिरवत होती.

बाईंनी वाद घातला नाही. वाद घालून कुणाचं मन वळतं यावर त्यांचा वर्गातही विश्वास नव्हता. त्या म्हणाल्या, उद्या लॅपटॉप नदीत जाणारच आहे तर सरूबाईंना पोराचा व्हिडिओ एकदा शेवटचा बघू द्या. त्याला कोण नाही म्हणणार? लॅपटॉप मेजावर ठेवला, चार्जर जोडून ठेवला, पण बोर्डाचं बटण बंद. बोर्ड मेजामागं होता. बटणाशी स्वतः बाई बसल्या. प्रेरणाला त्यांनी स्वयंपाकघरात पाठवलं आणि कृष्णाला मधलं दार ओढून घ्यायला सांगितलं.

सरूबाईंनी लॅपटॉपवर हात ठेवला. त्या रोज त्याला हळदकुंकू वाहायच्या, जेवणाआधी पुढ्यात घास ठेवायच्या. सत्यम गायला लागला, आईच्या हाताखाली, नितळ. सरूबाईंचा चेहरा उजळला.

"बघा, मला कसा बोलतोय," त्या म्हणाल्या. "माझ्यावर न्हाय त्याचा राग."

दमयंतीबाईंनी बटण चालू केलं. ते करताना त्यांना आपण एका आईला काय करतो आहोत हे पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ते करायलाच हवं होतं, कारण ओसरीवर एक पोर सुटकेसवर बसलं होतं.

सत्यमचं हसू अडकलं. आवाज तुटला. आईच्या हाताखाली, आईकडं बघत, तो गोठला.

सरूबाईंनी हात झटकन मागं घेतला, मग पुन्हा ठेवला, मग दोन्ही हातांनी लॅपटॉप धरून हलवला. "सत्या," त्या म्हणाल्या. "अरे, मी हाये."

आप्पासाहेब उठून उभे राहिले. बाईंनी बटण बंद केलं आणि सत्यम पुन्हा चालला. मग त्यांनी मेज बाजूला ओढून सगळ्यांना बोर्ड दाखवला, वायर दाखवली, आणि आप्पासाहेबांच्या हातानं बटण चालू-बंद करायला लावलं. आप्पासाहेब करत गेले. तो पुरुष पोराच्या अंत्यविधीला रडला नव्हता. आता बटण दाबता दाबता त्याचे डोळे वाहायला लागले.

कृष्णा भिंतीला टेकून उभा होता. पैठण गेटच्या दुकानातून हा चार्जर त्यानंच आणला होता, पिन बसली म्हणजे झालं असं म्हणून. काळ्या पडद्यावरची सूचनाही त्यानंच मिटवली होती. त्यानं हे सगळं एका दमात सांगून टाकलं आणि खाली बसला.

"पण जुना चार्जर गेला कुठं?" आप्पासाहेबांनी विचारलं आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर सापडलं. तेराव्याला सत्यमची गादी, छत्री, चपला, तांब्या हे सगळं दान दिलं, तेव्हा त्याची रोजची बॅगही त्यांनीच त्यात ठेवली होती. प्रेरणानं बॅग एकदा उघडून बघू का असं विचारलं होतं. दानाच्या वस्तूत पुन्हा हात घालू नये, म्हणून त्यांनी तिला तिथंच गप्प केलं होतं. लॅपटॉप तेवढा मेजावर होता म्हणून घरात राहिला. चार्जर बॅगेत होता, तो बापाच्या हातानं गेला.

म्हणजे तेराव्यापासून लॅपटॉप बिघडला हे खरंच होतं. त्यात आत्म्याचा काही संबंध नव्हता, एवढंच.

सरूबाई अजून पडद्याकडंच बघत होत्या.

"मंग सत्यम कुठंय, बाई?"

दमयंतीबाईंनी आयुष्यभर अवघड प्रश्नांची उत्तरं दिली होती. हे उत्तर सगळ्यात सोपं होतं. त्या सरूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तो नाहीये, सरूबाई. यंत्रात नाहीये, कुठंच नाहीये. ट्रकनं मारला त्या दिवशी गेला. जे गायलं ते आपण भरून ठेवलेलं गाणं."

सरूबाईंनी टाहो फोडला नाही. कित्येक आठवडे त्या मुलाला घास भरवत होत्या, तो घास आज त्यांच्या हातातून गेला. त्या मेजावर डोकं ठेवून बसून राहिल्या, आणि दुसऱ्यांदा पोर गेल्याचं दुःख त्या घरावर उतरलं. ते दुःख खरं होतं. तेजोनाथांनी ते पुढं ढकलून दिलं होतं आणि त्याची किंमत सुनेकडून वसूल करायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी कुणीच कायगावला गेलं नाही. बाईंच्या एका विद्यार्थ्याकडं तसाच लॅपटॉप होता, त्याचा कंपनीचा चार्जर आणून लावला, तर प्रेरणाची ड्रॉइंग वायर लावलेली असतानाही झरझर उघडली. नवा चार्जर मागवला. कृष्णानं पुन्हा पुन्हा माफी मागितली. सगळं जागच्या जागी आलं असं आप्पासाहेबांना वाटलं.

प्रेरणानं सुटकेस उघडली ती फक्त श्रेयाचे कपडे त्यात घालण्यासाठी. गारखेड्यात तिनं दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या.

आप्पासाहेब तिला थांबवायला गेले. आता तर सगळं उघड झालं, आता कशाला, असं ते म्हणत राहिले. ती सासऱ्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्यासमोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. आताही चढवला नाही.

"वायर तपासली, मामा. बरं झालं. पण वायर चांगलीच निघाली असती तर? मग मी खरंच अवदसा ठरले असते ना? माझी पोर तुम्ही ठेवून घेतली असती ना?"

आतल्या खोलीत सरूबाई भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. रिक्षा आली तेव्हा श्रेयानं आजीच्या दाराशी जाऊन हाक मारली. मग तीही आईबरोबर निघून गेली.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आप्पासाहेबांनी दमयंतीबाईंना गाठलं. तुमचं ऐकते ती, तिला परत आणा, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, ते मला जमणार नाही आणि जमलं तरी करणार नाही. मग मात्र वर्गात बोलायच्या तशा त्या बोलल्या, कुणाची भीड न ठेवता.

"आप्पासाहेब, त्या शेडीत अजून ढीगभर यंत्रं आहेत आणि प्रत्येक यंत्रामागं कुणीतरी बाई उभी आहे. यंत्र अडलं तर आधी वायर काढून बघा. बटण बघा, खाली लिहिलेला आकडा वाचा, नाही कळलं तर चार पैसे देऊन कारागिराला दाखवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते डोळ्यांनी बघा. हे पाचवीतल्या पोराला जमतं. आणि समजा काहीच सापडलं नाही, तर सापडलं नाही म्हणा. न कळलेल्या गोष्टीचं खापर घरातल्या बाईवर फोडू नका. तुम्हाला पोरगा परत मिळणार नव्हता. सून आणि नात तर घरातच होत्या."

आप्पासाहेबांनी एवढंच विचारलं, की गुरुवारी शेडीत किती वाजता सुरू होतं, आणि तिथं मी हे सगळं लोकांपुढं बोललो तर तुम्ही सोबत याल का. बाई हो म्हणाल्या.